आसरांचं दार

दिवाळी अंकासाठी पाणीखात्यातल्या गमतीजमती लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी हो म्हणून मोकळा झालो. गमती आहेतच. एका गावात आम्ही बसवलेल्या पंपाला लोकांनी पहिल्या दिवशी हार घातला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दांड्याला म्हैस बांधली. दुसऱ्या एका गावच्या पुढाऱ्यानं पंप आपल्याच परड्यात बसवून घेतला आणि वर, ‘मी गावासाठी राखण करतोय’ म्हणाला. पण लिहायला बसलो की गमतींच्या आधी एक विहीर डोळ्यासमोर येते आणि तिच्यापुढं दुसरं काही सुचत नाही. म्हणून तिचीच हकिगत लिहितो. सणासुदीला कुणाला जड वाटली तर त्यानं पान उलटावं, मला राग नाही.

मी हुसेन शिकलगार. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या विळ्या-कोयत्यांना धार लावायचं काम. लढाईच्या दिवसांत मी फौजेच्या वर्कशॉपात भरती झालो आणि बसऱ्याला गेलो. तिथल्या वाळूत पंप खोलायला, जोडायला आणि इंग्रजीत शिव्या खायला शिकलो. परत आल्यावर जिल्हा बोर्डात फिटर म्हणून चिकटलो. इंग्रज नुकतेच गेले होते. सातारा जिल्हा तोडून दक्षिण सातारा केला, तेव्हा कचेरीतली निम्मी टेबलं साताऱ्याहून सांगलीला आली आणि त्या टेबलांबरोबर मीही आलो.

त्याच सुमाराला मिरजेच्या स्टेशनात लाकडी खोकी उतरली. बाहेरच्या देशांनी मिळून आपल्याला हातपंप दिले होते आणि पंपांबरोबर एक इंजिनियरही दिला होता. लिंडसाहेब म्हणजे उंच, पिंगट केसांचा आणि उन्हात टोमॅटोसारखा होणारा माणूस. तो कुठल्याशा बर्फाच्या मुलुखातला असल्यामुळं त्याचंही इंग्रजी उसनं आणि माझंही उसनं. त्यामुळं आमचं छान जमलं. दोघंही सोपं तेवढंच बोलायचो. त्याचं म्हणणं असं की पंप बसवणं हे काम नव्हेच, पंप चालू राहणं हे काम. म्हणून तो प्रत्येक गावाला एक माणूस नेमायला लावायचा, त्याच्या हातात पाना द्यायचा आणि पंपातला चामड्याचा वॉशर बदलायला शिकवायचा. सरकारी खात्यात हा विचार इतका नवा होता की आमचे वरिष्ठ त्याच्याकडं दयेनं बघायचे.

आमचं पहिलं काम नारूच्या गावांत. नारू म्हणजे काय, हे आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं आणि ऐकून त्यांचं जेवण जात नाही. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाण्यात उतरून घागर भरतो. त्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसतील न दिसतील असे किडे असतात, त्यांच्या पोटात नारूची पिल्लं असतात. ते पाणी प्यायलं की नारू अंगात वाढतो. वर्षभर माणसाला पत्ताही लागत नाही. मग उन्हाळ्यात पायाला फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते आणि फोड फुटून दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. हातभर लांब. तो ओढून काढता येत नाही. तुटला की पाय सुजतो, सडतो, माणूसही जातो. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. हे चालतं आठवडेच्या आठवडे, तेही नेमकं नांगरटीच्या आणि पेरणीच्या तोंडावर. आणि दुखणाऱ्या पायाला आराम एकाच गोष्टीनं पडतो, तो गार पाण्यात सोडायचा. पाय पाण्यात गेला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो आणि पुढच्या सालाची सोय होते.

यावर औषध नव्हतं, पण उपाय साधा होता. विहिरीच्या पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा, तोंड झाकायचं आणि पंप बसवायचा. माणसाचा पाय पाण्याला लागला नाही की नारू संपला.

शिराळ्याच्या बाजूला, मोरणेच्या खोऱ्यात एक गाव आहे. नाव लिहीत नाही, यातल्या माणसांचे नातेवाईक अजून तिथं राहतात. गावचे पाटील रावबा. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणे. माणूस सरळ आणि शब्दाचा पक्का. त्यांच्याच पुढाकारानं हिवाळ्यात पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घातली आणि पंप बसला. पंप सगळ्या गावासाठी, अशी लिंडसाहेबांची अट होती आणि गावानं मानही डोलावली होती. तरी महारवाड्यातली माणसं पूर्वीसारखीच खालच्या ओढ्यातून पाणी नेत राहिली. त्याबद्दल कुणी बोललं नाही.

उन्हाळा आला आणि नारू निघाले. निघणारच होते. मी चावडीत बसून घसा फोडून सांगितलं होतं की यंदाचा नारू म्हणजे गेल्या साली प्यालेलं पाणी, पंपाचा गुण पुढच्या सालापासून दिसेल. तेव्हा सगळ्यांनी ऐकून घेतलं होतं. पण ज्याच्या पायातून किडा निघतोय त्याला पुढचं साल कुठलं दिसायला? लोक पंपाकडं वाकड्या नजरेनं बघायला लागले.

गावात बनाक्का नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिनं चावडीत येऊन लिंडसाहेबांना सरळ विचारलं, "आसरांचं घर बंद केलंसा. आता बाळंतिणी कुठं जायाच्या?"

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. बाळंतिणीनं सव्वा महिन्यानं विहिरीत उतरायचं, शेवटच्या पायरीवर पाच खडे मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचं, ओंजळीनं पाणी घालायचं. तोवर तिनं घागर उचलायची नाही आणि सासरी जायचं नाही. आबांची थोरली लेक गौरा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, मुलगा झालेला होता. म्हणजे प्रश्न पाटलांच्याच घरचा होता.

मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "भिंतीत एक दार ठेवू. कुलूप लावू. फक्त पूजेला उघडायचं." मी म्हणालो, साहेब, दार म्हणजे पायरीच. ते म्हणाले, "हुसेन, गावाचं मन नसेल तर हा पंप भंगार आहे. आम्ही बाहेरून येऊन त्यांचे देव बुजवायचे नाहीत." बोलणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. आमचा कुठलाही साहेब इतकं बोलला नसता. भिंतीत फळीचं दार बसलं, कुलपाची किल्ली आबांच्या कडदोऱ्याला गेली.

काही दिवसांनी मी पंपाचा वॉशर बदलायला गेलो होतो. सकाळची वेळ. गौराची पूजा त्याच दिवशी होती. वर पिंपळाखाली तिच्या सासरची बैलगाडी सोडलेली, सासरा आणि नवरा तिला न्यायला आलेले. बनाक्का पुढं, मागं हिरवं लुगडं नेसलेली गौरा, तिच्यामागं आबा. आबांनी दार उघडलं. मी कठड्यावर बसून दांडा ग्रीस करत होतो, त्यामुळं उघड्या दारातून मला खालच्या पायरीपर्यंत दिसत होतं.

गौरानं पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग पायरीवर टेकून तिनं घोट्याला बांधलेली चिंधी सोडली. तोवर ती चिंधी मला पैंजणाखालची पट्टीच वाटली होती. तिनं दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. किती दिवसांची आग त्या क्षणी निवली असेल कुणास ठाऊक. माझ्या आईला नारू झाला होता, तेव्हा रात्रभर कण्हणारा तिचा आवाज मी ऐकलेला आहे. म्हणून गौराच्या तोंडावरचं ते सुख मला ओळखू आलं.

"आबा," मी वरूनच म्हणालो, "तिचा पाय बघा."

आबांनी बघितलं. घोट्यापाशी पाणी दुधासारखं गढूळ होत होतं. त्यांनी लेकीला दंडाला धरून वर ओढली. बनाक्का हात जोडून डोळे मिटून पुटपुटत होती, तिला काही कळलं नाही.

गौराला घेऊन गाडी गेल्यावर आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, तोंडातनं शबूद काढू नगा."

"न्हाई काढत. पण दवंडी तरी द्या. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळून प्या, एवढंच सांगा."

"का म्हणून सांगू? लोक इच्यारतील, आजच काय झालं? उद्या सासरच्यांच्या कानावर जाईल. आजारी पोरगी गळ्यात बांधली म्हनतील. तिनं चिंधी बांधून लपवलं ते घरला जायला मिळावं म्हणून. आता मी तिच्या वाटंत काटं पेरू?"

सांगलीला येऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जीपमधून पाणी शुद्ध करायची पांढरी पूड आणून विहिरीत टाकली, पण या किड्याला ती पूड पुरी पडत नाही हे त्यांनाच जास्त ठाऊक होतं. मी पंपावर उभा राहून येणाऱ्या बायांना पाणी गाळून घ्यायला सांगत होतो. ‘का?’ म्हटलं की सरकारी हुकूम म्हणायचो. सरकारी हुकमाला आपल्याकडं जी किंमत असते तेवढी मिळाली. चार घरांनी गाळलं, बाकीच्यांनी हसून घागर उचलली.

मग वर्षभर काहीच झालं नाही. या दुखण्याची तीच खोड आहे. पीक आलं, लग्नं झाली, पंपाखाली शेवाळ जमलं. मी आपला देवाला सांगत होतो की माझा अंदाज चुकू दे.

पुढच्या उन्हाळ्यात नारू निघाले ते घरटी निघाले. काही घरांत तर नांगर धरायला माणूस उरला नाही, बायका औताच्या मागं चालत होत्या. एका तरण्या गड्याचा नारू बैलानं पाय दिल्यामुळं तुटला आणि तो धनुर्वातानं गेला. आबांच्या दोन्ही पायांत निघाले. गौरा लेकराला घेऊन माहेरी परत आली होती. पूजेनंतर पंचमीच्या सणाला माहेरी आली तेव्हा तिच्याही पोटात हेच पाणी गेलेलं, आता तिच्या गुडघ्यापाशी नवा नारू होता. काम होईना म्हणून सासरच्यांनी ‘बरी झाल्यावर नेऊ’ असं सांगून पाठवली होती. आणि महारवाड्यात एकालाही नारू नव्हता. ज्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं ते सगळे धड पायांनी हिंडत होते.

गावानं ठरवलं, भिंत पाडायची आणि पंप उपटायचा. आसरा कोपल्या. निरोप आला तसे साहेब आणि मी जीपनं धावलो. विहिरीवर सगळं गाव जमलं होतं. पुरुष काठ्या टेकत, कुणी खांद्यावर बसून आलेले. आबा दगडावर पाय लांब करून बसले होते, पायाला काडी बांधलेली. ज्याचा भाऊ धनुर्वातानं गेला तो ज्ञानू पहार घेऊन भिंतीपाशी उभा.

मी म्हणालो, "आसरा कोपल्या असत्या तर महारवाड्यात नारू का न्हाई निघाला?"

"त्यांचा आन् आसरांचा काय संबंध?" बनाक्का म्हणाली. तिच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. ती थट्टा करत नव्हती.

साहेब म्हणाले, मला आणखी एक साल द्या. मी ते सांगितलं. ज्ञानू म्हणाला, "सायबाला म्हणावं, तुजा भाऊ दे एक आन् मग साल माग." हे मी साहेबांना सांगितलं नाही.

मी शब्दानं बांधलेला, म्हणून आबांकडं बघितलं. म्हणालो, "आबा, तुमी बोला."

आबांनी मान वर केली नाही. "मला काय म्हाईत," म्हणाले.

त्यांचा मला तेव्हा भयंकर राग आला. आज येत नाही. भिंत पडली असती तर गाव कायमचं नारूत बुडणार होतं आणि ती वाचवायला एका माणसाचं एक वाक्य पुरे होतं, पण त्या वाक्यात त्याच्या लेकीचा संसार होता. ज्ञानूनं पहार उचलली.

"थांबा," बायांच्या घोळक्यातून आवाज आला. गौरा होती. कडेवर मूल, एका हातात काठी. लंगडत पुढं आली आणि बापाकडं न बघता बोलली.

"आसरांनी काय बी केल्यालं न्हाई. गेल्या साली पूजेला दार उघाडलं, तवा माझ्या पायात नारू हुता. मी लपीवला. लय आग हुत हुती म्हणून पाय पाण्यात सोडलं. आबांनी बघितलं, मिस्त्रींनी बघितलं. माझ्यासाठनं गप बसली दोघं."

लहान मुलं तेवढी रडत होती. मग ज्ञानूनं विचारलं, "आबा, खरं हाय?"

आबांनी तोंडावर उपरणं धरलं. आतून आवाज आला, "व्हय."

ज्ञानू गौराकडं बघत उभा राहिला. मला वाटलं, आता पहार तिच्यावर पडते. त्यानं ती जमिनीवर टाकली आणि तो खाली बसून ढसाढसा रडला. गौराही रडत होती, पण जागची हलली नाही.

फळीचं दार त्याच दिवशी काढलं आणि तिथं दगडमाती भरली. जे पुरुष उभे राहू शकत होते त्यांनी भरली, बाकीचे बसून दगड पुढं सरकवत होते. शेवटचा दगड बसायच्या आधी बनाक्कानं पाच खडे वर काढून आणले आणि पंपाच्या ओट्यावर मांडले. म्हणाली, आजपास्नं आसरा हितं. इतकं सोपं होतं ते. साहेबांनी मला गौरा काय बोलली ते विचारलं, मी सांगितलं. जीपमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "दार मी ठेवायला लावलं, हुसेन. तिनं नाही."

पुढच्या उन्हाळ्यात तुरळक नारू निघाले, त्याच्या पुढच्याला एकही नाही. मग मोठी माणसं मोटारीतून आली. परदेशातले, मुंबईतले, साताऱ्याचे, सांगलीचे. पंपाबरोबर सगळ्यांचे फोटो निघाले. भाषणात ‘ग्रामस्थांचं बहुमोल सहकार्य’ असे शब्द होते. आबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, पण ते फोटोच्या आधीच उठून गेले. लिंडसाहेब त्यानंतर मायदेशी गेले. जाताना त्यांनी एकच गोष्ट विचारली, त्या मुलीला सासरच्यांनी नेलं का?

नेलं नव्हतं. विहिरीवर सगळ्या गावासमोर बोललेली गोष्ट मोरणेपलीकडं जायला किती वेळ लागतो? नागपंचमी आली, शिराळ्याचा नागांचा सोहळा झाला, माहेराला आलेल्या पोरी फेर धरून नाचल्या आणि आपापल्या गाड्यांत बसून परत गेल्या. गौराला न्यायला कुणी आलं नाही. वर्षभरात नवऱ्यानं दुसरी केली. मुलगा चालता-बोलता झाल्यावर त्याला मात्र येऊन घेऊन गेले.

पंपाचा माणूस त्या गावात कधीच धड मिळाला नव्हता. ग्रीसनं धोतर खराब होतं आणि चामड्याचा वॉशर हाताळायचा म्हणून कुणी तयार नसे. गौरा म्हणाली, "दादा, पाना मला द्या." मी दिला. दोन फेऱ्यांत ती वॉशर बदलायला शिकली. पुढं सगळ्या खोऱ्यातले पंप एकामागून एक मान टाकत गेले, सुटे भाग येईनात, परदेशी मदतही दुसरीकडं वळली. हा पंप मात्र चालत राहिला. गावच्या चांभाराकडून ती वॉशर कापून घ्यायची.

निवृत्तीच्या आधी शेवटच्या फेरीला मी तिथं गेलो. आबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. गौराचे केस पांढरे झाले होते, घोट्यावर जुन्या नारूचा वण तसाच. दोघांनी मिळून पंप खोलला, नवा वॉशर घातला. तिनं दांडा मारून पाणी काढून बघितलं आणि बाजूला झाली. घागरी घेऊन बाया थांबलेल्या होत्या. पुढं एक नवी सून होती, विशीची. नारू तिनं जन्मात पाहिला नसणार. तिनं घागर टेकवण्याआधी ओंजळीत पाणी घेऊन दांडा धुतला, तोटी धुतली आणि मग पाणी भरायला लागली. तिच्यामागच्या बाईनंही तसंच केलं.

मी त्या सुनेला विचारलं, "का गं, धुतलंस कशाला?"

"गौराक्काचा हात लागला की धुत्यात," ती म्हणाली. "आमच्यात तसंच हाय."

कशामुळं, ते तिला माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात गौरानं पदरानं पाना पुसत मला खुणेनं गप केलं.

"ऱ्हाऊ द्या, दादा," ती म्हणाली. "त्या निमित्तानं तोटी साफ ऱ्हातीय."

सगळ्यांच्या घागरी भरून झाल्या, बाया गेल्या, तेव्हा तिनं आपली कळशी पंपाखाली लावली.